काट्यावर १२४८०, ऑफिसात २४८०: सिरियल डिव्हाइस सर्व्हर जोडल्याचं एक पूर्ण प्रकरण

एका कारखान्याच्या गेटवर गाड्या तोलायचा वजनकाटा आहे. इंडिकेटर, म्हणजे वजन दाखवणारी पेटी, जुना पण ठणठणीत, मागे आरएस-२३२ चं, म्हणजे एकेक बिट ओळीने पाठवणाऱ्या जुन्या सिरियल जोडणीचं, एकच पोर्ट, आणि तिथून निघालेली केबल केबिनमधल्या पीसीच्या कॉम पोर्टला. पीसीवर एक जुनं सॉफ्टवेअर, ते वजन वाचतं आणि पावती छापतं, त्याचा सोर्स कोड कोणाकडे नाही आणि बनवणारा कधीच गायब झालाय. सगळं वर्षानुवर्षं बिनबोभाट चालू होतं. मग दोन गोष्टी एकदम झाल्या, पीसी मेला आणि नवीन पीसीला सिरियल पोर्टच नव्हतं, आणि त्याच सुमारास ऑफिसातून मागणी आली की वजन थेट ईआरपीत, म्हणजे कंपनीच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, आलं पाहिजे, माणसाने डोळ्याने बघून टाइप करायचं बंद.

नुसता पीसीचा प्रश्न असता तर यूएसबी टू सिरियलची वायर लावून विषय संपला असता. पण एकच वजन दोन ठिकाणी पाहिजे आणि त्यातलं एक ठिकाण नेटवर्कवर लांब, म्हणून सिरियल डिव्हाइस सर्व्हर घ्यायचं ठरलं. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी, ही एक छोटी डबी असते, एका बाजूला डीबी-९, म्हणजे नऊ पिनांचं सिरियल सॉकेट, आणि दुसऱ्या बाजूला लॅनचं सॉकेट, सिरियलवरून जे बाइट येतात ते टीसीपीवर, म्हणजे नेटवर्कवरच्या कनेक्शनवर, सोडायचे आणि टीसीपीवरून आलेले सिरियलवर सोडायचे, एवढंच तिचं काम. ऐकायला इतकं सोपं आहे की सगळे गाफील राहतात. कुठल्या कंपनीची डबी होती ते इथे महत्त्वाचं नाही, पुढे जे झालं ते कुठल्याही डबीवर झालं असतं.

डबी कुठे ठेवायची

पहिला वाद यावरच. एकाचं म्हणणं डबी ऑफिसात सर्व्हर रॅकमध्ये ठेवू, जुनी सिरियल केबल वाढवून तिथपर्यंत नेऊ. हे उलटं आहे. आरएस-२३२ च्या जुन्या स्टँडर्डमध्ये अंतर साधारण १५ मीटर धरलेलं आहे, कमी स्पीडला त्याहून जास्त चालतं हे खरं, पण दोन वेगळ्या बिल्डिंगची अर्थिंग एकाच पातळीवर नसते आणि आरएस-२३२ मध्ये सिग्नलचा ग्राउंड थेट जोडलेला असतो, म्हणजे त्या केबलीतून नको तो करंट वाहायला लागतो आणि एखाद्या पावसाळ्यात इंडिकेटरचं पोर्ट उडतं. इथरनेटच्या पोर्टला आत ट्रान्सफॉर्मर असतो, आयसोलेशन फुकटात मिळतं, आणि तांब्याच्या केबलवर १०० मीटर हक्काचे. तर सिरियल केबल जेवढी आखूड तेवढी बरी, लांबचा प्रवास नेटवर्कने करायचा. गेटच्या केबिनमध्ये कॅमेऱ्यांसाठी नेटवर्क स्विच आधीच होता, डबी इंडिकेटरच्या शेजारी भिंतीवर लागली, विषय मिटला.

केबल: मल्टिमीटर काढा, अंदाज नको

जुनी केबल वाळून तडकलेली, म्हणून नवीन बनवायची होती. इथे लोक हमखास सरळ जोडतात, २ ला २, ३ ला ३, ५ ला ५, आणि मग डबीचा लाइट लुकलुकत नाही म्हणून डबीच खराब ठरते. पीसीच्या आणि बहुतेक डबीच्या डीबी-९ ला पिन २ वर डेटा आत येतो, पिन ३ वरून बाहेर जातो आणि ५ ग्राउंड. इंडिकेटर पण पीसीसारखाच वायर केलेला असेल तर दोघंही पिन ३ वर बोलणार आणि पिन २ वर ऐकणार, मग केबल क्रॉस लागते, एकाची ३ दुसऱ्याच्या २ ला. इंडिकेटर कसा आहे हे पुस्तक न शोधता कळतं. काटा चालू ठेवा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, काळी वायर पिन ५ ला, लाल आधी २ ला मग ३ ला. ज्या पिनवर ठसठशीत निगेटिव्ह व्होल्टेज दिसेल ती बोलणारी पिन, कारण आरएस-२३२ मध्ये लाइन गप्प असताना निगेटिव्ह असते, स्टँडर्डप्रमाणे उणे ३ ते उणे १५ च्या मधे. ऐकणारी पिन शून्याच्या आसपास. डेटा सतत चालू असेल तर आकडा थोडा नाचतो, पण फरक लपत नाही. इथे पिन ३ वर निगेटिव्ह आलं, म्हणजे क्रॉस.

जुन्या केबलचं हूड उघडून बघितलं तर पीसीच्या टोकाला पिन ७ आणि ८ एकमेकांना जोडलेले, आणि ४, ६ आणि १ पण. हे कोणीतरी विचार करून केलेलं होतं. जुनी सॉफ्टवेअरं पोर्ट उघडल्यावर समोरच्याच्या होकाराची, म्हणजे सीटीएस किंवा डीएसआर नावाच्या सिग्नलची वाट बघत बसतात, आणि तीन वायरच्या केबलमध्ये तो होकार द्यायला कोणी नसतं, म्हणून आपल्याच पिना आपल्यालाच जोडून त्याला फसवायचं. नवीन केबलमध्ये डबीच्या टोकाला तेच जंपर तसेच केले. जुनी केबल फेकायच्या आधी उघडून बघा, कागदपत्रं हरवतात पण सोल्डर खोटं बोलत नाही.

अजून एक गोष्ट मुद्दाम केली. हा इंडिकेटर मागितल्याशिवाय सतत वजन पाठवत राहतो, म्हणजे आपल्याला फक्त ऐकायचंय. तर डबीची बोलणारी पिन इंडिकेटरच्या ऐकणाऱ्या पिनला जोडलीच नाही. बऱ्याच इंडिकेटरना सिरियलवरून झीरो किंवा टेअरची (आहे ते वजन शून्य धरायची) कमांड देता येते, आणि नेटवर्कवर बसलेल्या कोणालाही काटा शून्य करता येणं हे काय प्रकरण आहे ते वेगळं सांगायला नको. वायरच नाही तर कमांड जाणार कुठून. सॉफ्टवेअरमधल्या कुठल्याही सेटिंगपेक्षा माझा या न जोडलेल्या वायरवर जास्त विश्वास आहे.

आयपीचं थोडक्यात

डबी कारखान्यातून ठरावीक आयपी घेऊन येते, उदाहरणार्थ मोक्साच्या एनपोर्ट डब्यांना १९२.१६८.१२७.२५४ असतो. तुमचं नेटवर्क १९२.१६८.१ चं असेल तर पिंग लागणारच नाही, डबी मेलेली नाही, ती वेगळ्या गल्लीत आहे. लॅपटॉपला तात्पुरता १९२.१६८.१२७ मधला एखादा पत्ता द्या, मास्क २५५.२५५.२५५.०, ब्राउझरने आत जा, तुमच्या नेटवर्कचा आयपी टाका, सेव्ह करा, लॅपटॉप परत पूर्ववत. आयपी स्टॅटिक द्या आणि राउटर आपोआप वाटतो त्या डीएचसीपी रेंजच्या बाहेरचा द्या, नाहीतर एक दिवस कोणाच्या तरी मोबाइलला तोच मिळेल आणि काटा गायब. पासवर्ड त्याच वेळी बदला, नंतर बदलू म्हणणारे कधीच बदलत नाहीत.

पहिल्या दिवशी सगळं चाललं, आणि तिथेच घोळ पेरला गेला

डबीला दोन मुख्य मोड असतात. एकात पीसीवर कंपनीचा ड्रायव्हर टाकायचा, तो एक खोटं कॉम पोर्ट तयार करतो आणि जुन्या सॉफ्टवेअरला वाटतं की पोर्ट पीसीच्या पाठीमागेच आहे. दुसऱ्यात डबी नुसती एखादा टीसीपी पोर्ट उघडून बसते, मोक्सावर बहुधा ४००१, लॅनट्रॉनिक्सवर १०००१, आणि जो येऊन जोडेल त्याला कच्चे बाइट देते.

आधी पहिला मोड लावला. जुन्या सॉफ्टवेअरच्या यादीत कॉम १ ते कॉम ४ एवढंच होतं, म्हणून ड्रायव्हरला सांगून कॉम ३ घेतला, आणि सॉफ्टवेअर उघडताक्षणी वजन दिसायला लागलं. टाळ्या. पण कोणाच्या लक्षात आलं नाही की या मोडमध्ये बॉड रेट (सिरियलचा वेग) वगैरे सॉफ्टवेअर सांगतं आणि ड्रायव्हर ते नेटवर्कवरून डबीला कळवतो, डबीच्या वेबपेजवर काय लिहिलंय याला इथे काही किंमत नसते. हीच गोष्ट करायचा एक उघडा मार्ग १९९७ मध्ये आरएफसी २२१७ म्हणून लिहून ठेवलेला आहे, टेलनेट या जुन्या नेटवर्क प्रोटोकॉलच्या आतून कॉम पोर्टची सेटिंग्ज पाठवायचा. तर जुन्या सॉफ्टवेअरला बरोबर सेटिंग माहीत होती, त्याने ती पाठवली आणि काम झालं. वेबपेजवर मात्र ९६००, ८ बिट, पॅरिटी (चूक ओळखायला जोडलेला जादा बिट) नाही, असं डिफॉल्ट तसंच पडून.

मग ईआरपीवाल्यांची पाळी. त्यांना सरळ टीसीपी सॉकेट पाहिजे होतं, म्हणून डबी दुसऱ्या मोडमध्ये टाकली, दोन कनेक्शनना परवानगी दिली, आणि गेटच्या पीसीवर कच्च्या टीसीपीला खोटं कॉम पोर्ट बनवून देणारं एक टूल टाकलं. आता सेटिंग पाठवणारं कोणी उरलं नाही, वेबपेजवरची सेटिंग लागू झाली, आणि स्क्रीनवर निव्वळ कचरा. कोणीतरी जुन्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये डोकावून बॉड रेट २४०० आहे एवढं बघितलं, वेबपेजवर २४०० टाकलं, आणि लगेच आकडे दिसले. काट्यावर गाडी नव्हती, स्क्रीनवर सहा शून्यं. गेटवरचा ऑपरेटर म्हणाला, "साहेब, शून्य तर बरोबर दाखवतोय." सगळे खूश.

गाडी आली आणि परत कचरा. पण यावेळी अर्धवट कचरा, काही आकडे बरोबर, काहींच्या जागी चित्रविचित्र चिन्हं. हा भाग मला फार आवडतो कारण इथे डोकं लावलं तर कचराच उत्तर सांगतो. खरी सेटिंग होती ७ बिट आणि इव्हन पॅरिटी, म्हणजे १ ची एकूण संख्या सम करणारा जादा बिट, आणि डबी वाचत होती ८ बिट, बिनपॅरिटी. दोन्हीत एका अक्षराला एकूण १० बिट लागतात, स्टार्ट आणि स्टॉप धरून, म्हणून अक्षरांच्या हद्दी जुळतात आणि फ्रेमिंगची काही बोंब होत नाही. फक्त पॅरिटीचा बिट आठवा डेटा बिट म्हणून वाचला जातो. ज्या अक्षराच्या आस्की कोडमध्ये १ ची संख्या सम आहे त्याचा पॅरिटी बिट शून्य, ते अक्षर जसंच्या तसं दिसतं. विषम असेल तर आठवा बिट १ होतो आणि अक्षर बिघडतं. आकड्यांचे कोड मांडून बघा, ०, ३, ५, ६ आणि ९ शाबूत राहतात, १, २, ४, ७ आणि ८ बिघडतात. म्हणजे रिकामा काटा कायम बरोबर दिसणार, आणि ३५९६० किलोची गाडी आली असती तर तीही अगदी बरोबर दिसली असती. असा अर्धा-अर्धा कचरा कधी दिसला तर बॉड रेटशी खेळत बसू नका, तो बरोबरच आहे, पॅरिटी बघा.

आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टसमोर जे ९६००, ८, नन, १ दिसतं त्यावर विसंबू नका. ते विंडोजचं डिफॉल्ट आहे, प्रोग्रॅम पोर्ट उघडताना स्वतःची सेटिंग लावतो आणि त्या पानावर त्याचा पत्ता लागत नाही.

मुख्य प्रकरण: हरवलेले दहा हजार किलो

पॅरिटी सुधारली, दोन्हीकडे वजन यायला लागलं, सगळे आपापल्या कामाला. काही काळाने अकाउंटवाल्यांनी एक नोंद दाखवली, नेट वजन, म्हणजे नुसत्या मालाचं, उणे. ग्रॉस (भरलेल्या गाडीचं) २४८०, टेअर (रिकाम्या गाडीचं) ५१२०. गेटच्या पावतीवर त्याच गाडीचं ग्रॉस १२४८०. काट्याने बरोबर दाखवलं, पावती बरोबर, ईआरपीत बरोबर दहा हजार कमी.

उणे आलं म्हणून हे पकडलं तरी गेलं. मागच्या नोंदी पावत्यांशी ताडून बघितल्या तेव्हा खरी धडकी भरली, कारण ३८७६० ची गाडी ८७६० लागली असेल आणि तिचा टेअर त्याहून कमी असेल तर नेट उणे येत नाही, ते नुसतं कमी येतं, आणि कमी आकडा कोणाच्या डोळ्यात खुपत नाही. पण त्याच नोंदींमध्ये एक ठसठशीत खूण होती, रिकामी गाडी एकदाही चुकलेली नव्हती. चुकायची ती भरलेलीच, आणि दरवेळी पहिला आकडाच गळालेला.

इंडिकेटर जो मेसेज पाठवतो तो असा: एस टी, स्वल्पविराम, जी एस, स्वल्पविराम, अधिकचं चिन्ह, सहा आकडी वजन, के जी, आणि शेवटी सीआर आणि एलएफ, म्हणजे ओळ संपल्याच्या दोन न दिसणाऱ्या खुणा. एकूण १७ अक्षरं. एस टी म्हणजे वजन स्थिर, हलत असेल तर तिथे यू एस येतं. २४०० बॉडला सेकंदाला २४० अक्षरं जातात, म्हणजे एका अक्षराला सव्वाचार मिलिसेकंदांच्या किंचित आत, आणि पूर्ण मेसेजला ७१ च्या आसपास. सेकंदाला दहा मेसेज, म्हणजे दोन मेसेजच्या मधे २९ मिलिसेकंदांची शांतता.

सिरियल वायरीवर ही शांतता खरी असते, जोडलेल्या माणसाला ती दिसते, तिच्यावरून मेसेज कुठे संपला ते कळतं. कारखान्यातल्या उपकरणांचा मॉडबस आरटीयूसारखा प्रोटोकॉल तर तिच्यावरच उभा आहे, साडेतीन अक्षरांएवढी शांतता म्हणजे फ्रेम संपली. टीसीपीला ही शांतता कळत नाही. टीसीपी फक्त एवढंच वचन देतो की बाइट त्याच क्रमाने पोचतील, कुठे तुटतील आणि कुठे जुळतील याचं वचन नाही, कधीच नव्हतं. टीसीपी हा नळ आहे, तांब्या नव्हे. एकदा पाठवलं म्हणजे एकदाच वाचायला मिळेल ही समजूत सगळ्या सिरियल-नेटवर्क प्रकरणांच्या मुळाशी असते, आणि इथे ईआरपीच्या स्क्रिप्टने तेच केलं होतं. सॉकेटमधून एकदा वाचायचं, जे आलं त्यात आकडे आणि त्यांना चिकटून के जी शोधायचं, सापडलं की तेच वजन. २००० किलोच्या खाली काही आलं तर सोडून द्यायचं.

वायरशार्क (नेटवर्कवरचे पॅकेट दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बघितलं तर मेसेज कधीच अखंड येत नव्हता. जवळपास दरवेळी पहिल्या तुकड्यात आठ अक्षरं, म्हणजे अधिकचं चिन्ह आणि वजनाचं पहिलं शून्य इथपर्यंत, आणि दुसऱ्या तुकड्यात १२४८० आणि के जी. आठच का, तर सिरियल चिपमध्ये येणाऱ्या बाइटसाठी छोटी रांग असते, प्रसिद्ध १६५५० चिपमध्ये ती १६ बाइटची आहे आणि १, ४, ८ किंवा १४ भरले की प्रोसेसरला हाक मारायची असं ठरवता येतं. इथे आठवर हाक जात असणार. डबीची मेसेज जुळवायची सगळी सेटिंग शून्यावर होती, म्हणजे हातात आलं की पाठव. म्हणजे स्क्रिप्ट चालत होती ती नशिबाने, तुकडा नेमका वजनाच्या आधीच्या शून्यावर पडत होता म्हणून.

आता डबी मधेच कुठल्या कामात असली, दुसऱ्या कनेक्शनला डेटा देत असली किंवा कोणी वेबपेज उघडून बसलं असलं, आणि रांग रिकामी करायला चार-पाच मिलिसेकंद उशीर झाला, तर तेवढ्यात नववं अक्षर येऊन पडतं. पहिल्या तुकड्यात नऊ, त्यात वजनाचा १ पण गेला, दुसऱ्या तुकड्यात उरलं २४८० के जी. स्क्रिप्टला ते सापडलं, २००० च्या वर होतं, घेतलं. रिकाम्या गाडीच्या बाबतीत तेच नववं अक्षर पण शून्यच असतं, ००५१२० मधली पहिली दोन शून्यं गेली तरी ५१२० तसंच, म्हणून रिकामी गाडी कधी चुकली नाही.

आणि एक गोष्ट जी कोणी विचारलीच नव्हती. स्थिर की हलतंय हे सांगणारी अक्षरं पहिल्या तुकड्यात, वजन दुसऱ्यात. म्हणजे स्क्रिप्ट गाडी काट्यावर चढत असताना पण वजन घेऊ शकत होती. पावतीत आणि ईआरपीत अधूनमधून जो दहा-वीस किलोंचा फरक दिसायचा, ज्याला सगळे काटा जुना झालाय म्हणत होते, त्याचं कारण हे.

दुरुस्ती दोन जागी, आणि एकीवर भागत नाही

डबीत डिलिमिटर नावाची सेटिंग असते. तिथे पहिलं अक्षर शून्य-डी आणि दुसरं शून्य-ए (सीआर आणि एलएफचे हेक्स कोड) टाकलं, म्हणजे सीआर-एलएफ दिसेपर्यंत बाइट गोळा कर आणि मग पूर्ण मेसेज एका दमात पाठव. ठरावीक वेळ झाली की पाठवायचंच अशी जी सक्तीची सेटिंग असते ती शून्य ठेवली, म्हणजे बंद, कारण तिथे ५० मिलिसेकंद वगैरे टाकलं असतं तर ७१ मिलिसेकंदांचा मेसेज परत मधे तुटायचा धोका. ज्यांच्या मेसेजला शेवटचं ठरावीक अक्षर नसतं, जसं मॉडबस आरटीयू, त्यांना ही वेळेची सेटिंगच वापरावी लागते, किंवा सरळ मॉडबस समजणारा गेटवे घ्यावा लागतो जो बाहेर ५०२ पोर्टवर मॉडबस टीसीपी बोलतो. माझं मत, मॉडबससाठी साधी डबी घेऊन वेळेशी झटापट करण्यापेक्षा गेटवे घ्या आणि झोपा.

पॅरिटीचा इथेही संबंध होता. मधल्या काळात ८ बिट बिनपॅरिटी असताना कोणीतरी डिलिमिटर लावून बघितला होता आणि चालत नाही म्हणून काढून टाकला होता. तो चालणार नव्हताच, सीआरच्या कोडमध्ये तीन १ आहेत, विषम, म्हणजे तो डबीला शून्य-डी म्हणून दिसतच नव्हता, ८-डी दिसत होता. जोडी कधीच जुळली नाही.

डबीत हे केल्यावर वायरशार्कमध्ये सतरा-सतरा बाइटचे नीटस पॅकेट दिसायला लागले आणि ईआरपीवाले म्हणाले झालं, स्क्रिप्टला हात लावायची गरज नाही. गरज आहे. नेटवर्कवर एखादं पॅकेट हरवलं आणि परत पाठवावं लागलं तर दोन मेसेज जुळून ३४ बाइट एकदम येऊ शकतात, नेगलचा अल्गोरिदम चालू असेल तर छोटे तुकडे तो पण जुळवतो. म्हणून स्क्रिप्ट बदलली: जे येईल ते बफरमध्ये मागे जोडत जायचं, एलएफ सापडेपर्यंत काही निर्णय घ्यायचा नाही, सापडला की तिथपर्यंतचा तुकडा बाहेर काढायचा, त्याची लांबी बरोबर १७ पाहिजे, सुरुवात एस टी ने पाहिजे, सहाही जागी आकडेच पाहिजेत, नाहीतर फेकून द्यायचा. लागोपाठ काही मेसेज सारखे आले की मगच वजन पक्कं. कनेक्ट झाल्यावरचा पहिला तुकडा न बघता फेकायचा, कारण आपण मधूनच जोडले गेलेले असतो. किमान २००० ची अट काढून टाकली, तिने चूक पकडली नव्हती, लपवली होती, ४८० आलं की गुपचूप सोडून देत होती आणि कोणाला कळत नव्हतं.

सकाळची भानगड

एक तक्रार उरली होती. रोज सकाळी गेटचा पीसी चालू केला की कनेक्शन लागत नाही. ऑपरेटरने स्वतःच उपाय शोधलेला, आधी काटा चालू करायचा, थोडं थांबायचं, मग पीसी. हे ऐकून ऑफिसात हसले, पण तो बरोबर होता.

संध्याकाळी गेटवर बोर्डाचं बटण बंद व्हायचं, इंडिकेटर आणि पीसी दोन्ही एकदम गप्प. डबी आणि स्विच मात्र यूपीएसवर. पीसीने जाताना टीसीपीला निरोप दिलाच नाही, त्यामुळे डबीच्या हिशोबाने कनेक्शन अजून जिवंत. डेटा येत नव्हता म्हणून पाठवायचं काही नव्हतं, आणि पाठवलं नाही तर समोरचा मेलाय हे कळायला मार्ग नाही. परवानगी दोनच कनेक्शनची, एक ईआरपीचं, एक हे भूत. सकाळी पीसी नवीन कनेक्शन मागतो, डबी जागा नाही म्हणते, टूल एकदा प्रयत्न करून गप्प बसतं. आधी काटा चालू केला तर डबी भुताला डेटा पाठवून बघते, उत्तर येत नाही, कंटाळून ते कनेक्शन सोडते, आणि मग पीसीला जागा मिळते.

डबीत टीसीपी अलाइव्ह चेक नावाची, समोरचा जिवंत आहे का ते तपासायची सेटिंग होती, कोणीतरी शून्य केलेली, म्हणजे बंद. एक मिनिट केली. टूलमध्ये आपोआप परत जोडायचं चालू केलं. आता काहीही आधी चालू करा.

नेटवर्कवर टाकलंय तर दार पण लावा

हे लोक टाळतात, काटा कोण हॅक करणार म्हणून. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमधल्या तीन वीज वितरण कंपन्यांवर सायबर हल्ला झाला, साधारण सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली, आणि त्यात सबस्टेशनमधल्या अशाच सिरियल टू इथरनेट कन्व्हर्टरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) हल्लेखोरांनी खराब करून टाकलं, जेणेकरून कंट्रोल रूममधून ब्रेकर परत चालू करायची कमांड पोचूच नये. माणसांना सबस्टेशनवर जाऊन हाताने ब्रेकर टाकावे लागले. तर या डब्या लोकांच्या नजरेत असतात.

कच्च्या टीसीपी पोर्टला पासवर्ड नसतो, एनक्रिप्शन नसतं, जो जोडेल त्याचा. म्हणून डबीतल्या परवानगीच्या यादीत दोनच आयपी ठेवले, गेटचा पीसी आणि ईआरपीचा सर्व्हर. टेलनेटचा कन्सोल बंद. कॅमेऱ्यांच्या स्विचवर डबीचं पोर्ट वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच स्विचवर वेगळ्या काढलेल्या नेटवर्कमध्ये, आणि इंटरनेटवरून आत येणारा रस्ता मुळीच नाही, दुरून सपोर्ट द्यायचा असेल तर व्हीपीएनने या. फर्मवेअर नवीन केलं, पण त्याआधी सगळी सेटिंग फाइलमध्ये एक्सपोर्ट करून ठेवली.

ती फाइल एका स्पेअर डबीत टाकून डबी गेटच्या कपाटात ठेवलीय. तिच्यावर चिठ्ठी चिकटवली आहे: २४००, ७ बिट, इव्हन, १ स्टॉप, डिलिमिटर सीआर-एलएफ, केबल क्रॉस, डबीची पिन ३ मुद्दाम मोकळी आहे जोडू नका. आणि खाली मोठ्या अक्षरात, जुनी डबी काढल्याशिवाय ही लावायची नाही, दोघींचा आयपी एकच आहे.